युक्रेनची नटश्रेष्ठा मारिया झान्कोवेत्स्का

भाषा हुकुमानें बंद करतां येते काय? हा प्रश्न ऐकून आमच्या बालवाचकांना हंसूं येईल. माणसाच्या तोंडांतील शब्दाला कुलूप कोण घालणार, असें ते विचारतील. परंतु एकोणिसाव्या शतकांत पूर्व युरोपमधील एका मोठ्या लोकसमाजाच्या भाषेवर असा हुकूम खरोखरच सुटला होता. तो हुकूम निष्प्रभ करण्याच्या कामीं ज्यांचा हातभार लागला, त्यांत गांवोगांव हिंडणारीं कांहीं नाटकमंडळींतील माणसें होतीं. त्या मंडळींत अग्रभागीं शोभणारी एक थोर स्त्री होऊन गेली. ती म्हणजे युक्रेनची विख्यात नटी मारिया झान्कोवेत्स्का. तिचा जीवनवृत्तांत आम्ही आज आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

युक्रेन हा देश काळ्या समुद्राच्या उत्तरेस पसरलेला आहे. निप्रो नदीच्या दोन्ही अंगांची त्याची काळीभोर, कसदार जमीन गव्हाच्या पिकासाठीं जगप्रसिद्ध आहे. आम्ही ज्या काळाविषयीं लिहीत आहों, त्या काळीं ह्या देशाचा बहुतेक भाग रशियाच्या झार बादशहाच्या अमलाखालीं होता. गालिसियासारखे पश्चिमेकडील प्रांत तेवढे ऑस्ट्रियाकडे होते. युक्रेनियन भाषा ही रशियन भाषेची बहीण खरी, पण लेक नव्हे. तिचें व्याकरण स्वतंत्र, तिचीं लोकगीतें स्वतंत्र, आणि तिचा गोडवाहि स्वतंत्र. तथापि ती बोलणारे बहुसंख्य लोक शेतकरी होते, आणि १८६१ सालापर्यंत त्यांतील फार मोठा वर्ग जमीनदारांच्या दास्यांत पिचत होता. शहरांत, कचेऱ्यांत व शाळांत मान होता तो रशियन भाषेला. त्यामुळें युक्रेनियन ही केवळ खेडवळांची बोली होय, तींत ना ग्रंथ शोभतील ना गंभीर नाटक, असें राज्यकर्ते म्हणत. आणि खुद्द त्या देशांतील कांहीं सुशिक्षितांनाहि तें खरें वाटूं लागलें होतें.

अशा काळांत १८५४ सालीं ऑगस्ट महिन्याच्या ४ तारखेस चेर्निहिव प्रांतांतील झान्की नांवाच्या खेड्यांत मारियेचा जन्म झाला. तिच्या वडिलांचें नांव कोस्त्यान्तिन आदासोव्स्की. घराणें सरदारी, पण वैभव ओसरलेलें. झान्कीच्या जवळच निझिन हें जुनें शहर आहे. सुप्रसिद्ध लेखक गोगोल ह्यांचें शिक्षण ह्याच शहरीं झालें होतें. मारियेचें बालपण खेड्यांत गेलें, आणि हीच तिच्या भावी विद्येची पहिली शाळा ठरली. सुगीचीं गाणीं, लग्नांतील गाणीं, सासुरवासिनींचीं गाणीं, शेतकरी स्त्रियांचें बोलणें, चालणें, हंसणें व रडणें, हें सर्व तिनें लहानपणींच डोळे भरून पाहिलें व कान भरून ऐकलें. पुढें रंगभूमीवर ती जेव्हां शेतकऱ्याची लेक म्हणून उभी राही, तेव्हां ही सरदारघराण्यांतील बाई आहे हें प्रेक्षकांना सांगूनहि पटत नसे. त्याचें बीज ह्या झान्कीच्या शेताबांधांवर रुजलेलें होतें.

योग्य वय होतांच तिला चेर्निहिव येथील मुलींच्या एका खासगी वसतिशाळेंत ठेवण्यांत आलें. तेथें साहित्याचे शिक्षक वेर्बित्स्की हे स्वतः कवि होते. मुलीचा कंठ व तिची समज पाहून त्यांनीं तिला उत्तेजन दिलें. एकाद्या शिक्षकाचा एक शाबासकीचा शब्द विद्यार्थ्याच्या आयुष्यांत किती दूरवर पोंचतो, ह्याचें हें लहानसें उदाहरण आमच्या शिक्षकबंधूंना व भगिनींना आवडेल अशी आशा आहे. नाटकांत काम करावें ही मारियेची इच्छा शाळेंतच जागृत झाली. परंतु त्या काळीं कुलीन मुलीनें धंदेवाईक रंगभूमीवर पाऊल ठेवणें म्हणजे घराण्याला बट्टा लावणें अशी समजूत सर्वत्र होती, आणि मारियेचे वडील तिला अपवाद नव्हते. त्यांना सर्वस्वीं दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. नाटकमंडळीचें जिणें त्या वेळीं खरोखरच अस्थिर व हालअपेष्टांचें असे, आणि लेकीची काळजी कोणत्या बापाला नसते?

१८७५ सालीं मारियेचा विवाह ख्लिस्तोव नांवाच्या तोफखान्यांतील एका अधिकाऱ्याशीं झाला. पतीची नेमणूक बेन्देरी येथील किल्ल्यावर होती. हें ठिकाण आजच्या मोल्दोव्हा देशांत येतें. लष्करी वस्तींतील एकसुरी जीवनांत विरंगुळा म्हणून अधिकारी व त्यांचे कुटुंबीय हौशी नाटकें करीत. तेथें मारियेची गांठ मिकोला तोबिलेविच ह्या तरुण अधिकाऱ्याशीं पडली. रशिया व तुर्कस्तान ह्यांच्या १८७७-७८ च्या युद्धांत शिपकाच्या घाटांत पराक्रम करून ह्या तरुणानें शौर्यपदक मिळविलें. परंतु त्याचें खरें प्रेम तलवारीवर नसून नाटकावर होतें, आणि पुढें सादोव्स्की ह्या नांवानें तो युक्रेनचा नामांकित नट व नाटकमंडळीचा चालक झाला. मारियेच्या अंगचा गुण ओळखणाऱ्यांपैकीं तो एक होता. कांहीं काळानें ख्लिस्तोव ह्यांची बदली फिनलंडमधील हेलसिंकीजवळच्या स्वेआबोर्ग किल्ल्यावर झाली. तेथें मारियेनें गायनाचें पद्धतशीर शिक्षण घेतलें. कंठ तयार झाला, मन तयार होतेंच. अडचण एकच उरली होती. ज्या भाषेंत तिला नाटक करावयाचें होतें, त्या भाषेंत नाटक करण्यासच बंदी होती.

ह्या बंदीची हकीकत आतां सांगितली पाहिजे. १८७६ सालीं झार दुसरा अलेक्झांडर जर्मनींतील एम्स नांवाच्या गांवीं औषधी झऱ्यांच्या पाण्यासाठीं राहिला होता. तेथून त्यानें एका हुकुमावर सही केली. त्या हुकुमानें युक्रेनियन भाषेंत नवे ग्रंथ छापणें जवळजवळ अशक्य झालें, परदेशांत छापलेले ग्रंथ साम्राज्यांत आणण्यास मनाई झाली, आणि त्या भाषेंतील नाटकांचे प्रयोग बंद झाले. इतकेंच काय, पण स्वरलेखनाखालीं युक्रेनियन शब्द छापण्याचीहि सोय राहिली नाहीं. ज्या समाजांतील बहुतेक लोकांना वाचतां येत नाहीं, त्या समाजाला पुस्तकांपेक्षां नाटकाचाच आधार मोठा असतो; म्हणून ह्या हुकुमाचा घाव मर्मावर बसला.

पांच वर्षांनंतर, १८८१ सालीं, ह्या बंदींत एक लहानशी फट पडली. स्थानिक अधिकाऱ्यानें प्रत्येक वेळीं परवानगी दिल्यास युक्रेनियन नाटकें करतां येतील, असें ठरलें. पण केवळ युक्रेनियन नाटकांसाठीं स्वतंत्र मंडळी किंवा नाट्यगृह काढण्यास मनाई कायमच होती. एवढ्या फटींतून आंत शिरण्याचें धाडस मार्को क्रोपिव्नित्स्की ह्या नटानें केलें. हे गृहस्थ उत्तम नट, उत्तम गवई व स्वतः नाटककार होते. १८८२ सालीं त्यांनीं येलिसावेतग्राद ह्या शहरीं आपली नाटकमंडळी जमविली. सादोव्स्की त्यांना मिळाले होतेच, आणि मारियेलाहि बोलावणें आलें. पतीचा ह्या गोष्टीला विरोध होता. अखेर तिनें घराचा उंबरठा ओलांडला आणि रंगभूमीचा रस्ता धरला. जन्मगांव झान्की ह्यावरून तिनें झान्कोवेत्स्का हें नांव घेतलें. घरानें तिला नटी होऊं दिलें नाहीं, पण गांवाचें नांव तिनें सोडलें नाहीं.

१८८२ च्या ऑक्टोबरच्या २७ तारखेस येलिसावेतग्रादच्या नाट्यगृहांत झान्कोवेत्स्काबाई पहिल्यानें लोकांपुढें आल्या. त्या वेळीं त्यांचें वय २८ वर्षांचें होतें. नाटक होतें इवान कोत्ल्यारेव्स्की ह्यांचें 'नताल्का पोल्ताव्का', म्हणजे पोल्तावा प्रांताची नताल्का. १८१९ सालचें हें संगीत नाटक नव्या युक्रेनियन वाङ्मयांतील पहिलें नाटक समजलें जातें. त्याची कथा साधी आहे. नताल्का ही गरीब विधवेची मुलगी. तिचा प्रियकर पेत्रो पैसा मिळविण्यासाठीं दूरदेशीं गेलेला. इकडे एक वयस्क सरकारी कामगार तिला मागणी घालतो, आणि दारिद्र्यानें गांजलेली आई तिला होकार देण्यास विनविते. आईचें दुःख पाहून नताल्का होकार देते, तोंच पेत्रो परत येतो. पण तो भांडत नाहीं. जमविलेली सारी मिळकत नताल्काला देऊन तो बाजूला होऊं पाहतो. हा उदारपणा पाहून तो कामगारच आपली मागणी मागें घेतो आणि सर्व गोड होतें. ह्या भूमिकेंत झान्कोवेत्स्काबाईंनीं सर्वांना जिंकून घेतलें. क्रोपिव्नित्स्की ह्यांनीं त्या आरंभींच्या काळांत त्यांचें काम पाहून आपल्या बोटांतील अंगठी काढून त्यांच्या बोटांत घातली, आणि रंगभूमीशीं त्यांचा जणूं वाङ्निश्चय केला, अशी गोष्ट युक्रेनमध्यें प्रसिद्ध आहे. वाङ्निश्चय खरा ठरला. तो त्यांनीं पुढें जन्मभर पाळला.

ह्या मंडळीपासूनच युक्रेनच्या रंगभूमीचा नवा काळ मोजतात. क्रोपिव्नित्स्की, झान्कोवेत्स्का, सादोव्स्की, सादोव्स्कींचे बंधु साक्साहान्स्की व दुसरे बंधु नाटककार कार्पेन्को-कारी, तसेच कवि व नाटककार मिखाय्लो स्तारित्स्की, अशीं एकाहून एक सरस माणसें एके ठिकाणीं जमलीं. १८८३ सालीं मंडळीची व्यवस्था स्तारित्स्की ह्यांनीं हातीं घेतली. पुढें १८८५ सालीं मंडळी दुभंगली आणि नंतरहि तिच्या शाखा फुटत गेल्या. परंतु ह्या फुटीमुळें नुकसान होण्याऐवजीं युक्रेनियन नाटक अधिकच गांवांत जाऊन पोंचलें.

ह्या मंडळींना कोणत्या अटींत काम करावें लागे, हें ऐकून आमचे वाचक चकित होतील. प्रत्येक नाटक आधीं सरकारी तपासनिसाकडे जाई, आणि तेथून किती पानें परत येतील ह्याचा नेम नसे. युक्रेनियन नाटकाबरोबर त्याच रात्रीं एक रशियन नाटकहि करून दाखविलें पाहिजे, असा निर्बंध असे. जाहिरातींत युक्रेनियन हा शब्दच चालत नसे. मालोरूसी, म्हणजे लहान रशियाचें, असें लिहावें लागे. नाटकांत सुशिक्षित व वरिष्ठ वर्गांतील पात्रें युक्रेनियन बोलतांना दाखविण्यास मनाई. ती भाषा केवळ शेतकऱ्यांच्या तोंडीं शोभते, असें सरकारचें म्हणणें. परभाषेंतील नाटकांचीं भाषांतरें करण्यासहि मज्जाव. म्हणजे शेक्सपिअर किंवा शिलर ह्यांची थोर पात्रें स्वभाषेंत रंगविण्याचें सुख ह्या नटांना मिळावयाचें नाहीं. त्यांतच १८८३ सालीं कीवच्या गव्हर्नर-जनरलनें आपल्या अमलाखालील मुलखांत ह्या मंडळींना पाऊल ठेवण्यासच बंदी केली, आणि ही बंदी १८९३ पर्यंत, म्हणजे दहा वर्षें टिकली. अशा रीतीनें युक्रेनच्या श्रेष्ठ नटांना युक्रेनच्याच हृदयस्थानीं मज्जाव झाला. मग ओदेसा, खार्किव, क्रिमिया, दोन नदीचा प्रदेश, मॉस्को व सेंट पीटर्सबर्ग अशीं दूरदूरचीं शहरें फिरत त्यांनीं दिवस काढले. थंडीवाऱ्यांतील प्रवास, बिऱ्हाडांची गैरसोय व रोज रात्रीं नवा खेळ, हें सर्व झान्कोवेत्स्काबाईंनीं इतरांच्या बरोबरीनें सोसलें.

केवळ शेतकऱ्यांच्याच कथा दाखवावयाच्या, ही अट सरकारनें अपमान म्हणून घातली होती. पण खऱ्या कलावंताच्या हातीं पडतांच त्या अटीचेंच शस्त्र झालें. क्रोपिव्नित्स्की ह्यांच्या एका नाटकांत गांवचा सावकार कोळ्याप्रमाणें जाळें विणतो, आणि ओलेना नांवाच्या तरुण स्त्रीला तिच्या परगांवीं गेलेल्या पतीनें टाकलें असें भासवून फसवितो. सत्य कळतांच ओलेनेचें भान हरपतें व तिचा अंत होतो. कार्पेन्को-कारी ह्यांच्या 'नाय्मिच्का' ह्या नाटकांत खारितिना नांवाची पोरकी मोलकरीण धनवान धन्याच्या दुष्टपणाला बळी पडते. त्यांच्याच 'बेझ्तालान्ना', म्हणजे अभागिनी, ह्या नाटकांतील सोफिया, स्तारित्स्की ह्यांच्या नाटकांतील जिप्सी स्त्री आझा, आणि पानास मिर्नी ह्यांच्या नाटकांतील लिमेरिव्ना, ह्या सर्व भूमिका झान्कोवेत्स्काबाईंनीं अमर केल्या. त्यांचा अभिनय मोठ्या हातवाऱ्यांचा व आरडाओरडीचा नव्हता. डोळे, आवाजांतील सूक्ष्म फेर आणि अवचित थांबलेला शब्द ह्यांतून त्या दुःख प्रकट करीत. गाणें हें त्यांच्या नाटकांत मध्येंच येणारें पद नसे. बोलतां बोलतां मन भरून आलें कीं गाणें आपोआप निघे, असें वाटे. जिला आपण रस्त्यांत पाहूनहि पाहात नाहीं, त्या मोलकरणीसाठीं प्रेक्षागृहांतील श्रीमंत माणसें रडत. खेडवळ म्हणून हिणविलेल्या भाषेचें ह्याहून चांगलें वकीलपत्र कोणी घेतलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

१८८६ च्या अखेरीस मंडळी राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथें गेली. ज्या शहरांतून बंदीचे हुकूम सुटत, त्याच शहरांत झान्कोवेत्स्काबाईंच्या नांवाचा डंका वाजला. नाट्यगृहें भरून वाहूं लागलीं. 'नोवोये व्रेम्या' ह्या वजनदार वृत्तपत्राचे चालक सुवोरिन हे युक्रेनियन चळवळीचे मुळींच मित्र नव्हते. परंतु त्यांनींहि आपल्या पत्रांत बाईंच्या अभिनयाची मुक्तकंठानें स्तुति केली, आणि त्यांनीं रशियन रंगभूमीवर यावें म्हणून मन वळविण्याचा प्रयत्न केला. पुढें सुवोरिन ह्यांच्याच ओळखीनें थोर लेखक चेखॉव्ह ह्यांचाहि बाईंशीं परिचय झाला. टॉल्स्टॉय ह्यांच्याविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, बाईंचें काम पाहून ते इतके हेलावले कीं त्यांनीं त्यांच्या भूमिकेंतील डोक्याचा रुमाल आठवण म्हणून मागून घेतला. आख्यायिकेचें खरेंखोटें कांहींहि असो; बाईंची योग्यता लोकमतानें कोठें नेऊन ठेविली होती, हें तिच्यावरून कळतें.

आतां त्यांच्यापुढें दोन वाटा होत्या. एक वाट रशियन रंगभूमीची. तींत स्थिर वेतन होतें, मोठीं नाट्यगृहें होतीं, जगांतील उत्तमोत्तम नाटकांतील भूमिका होत्या, आणि तपासनिसाचा जाचहि पुष्कळ कमी होता. दुसरी वाट फिरत्या मंडळीची. तींत आज खेळ झाला तर उद्यां होईल कीं नाहीं ह्याची शाश्वति नव्हती. झान्कोवेत्स्काबाईंनीं दुसरी वाट पत्करली. आपला देश व आपली रंगभूमि इतकीं गरीब आहेत कीं त्यांना टाकून जाणें आपल्यानें होणार नाहीं, असा त्यांच्या उत्तराचा भाव होता असें सांगतात.

ह्या निर्णयाची किंमत आमच्या वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावी. त्यागाचीं चरित्रें वाचतांना, त्याग करणाऱ्याला कांहीं दुःखच होत नसावें असें आपणांस वाटूं लागतें. तसें नसतें. जी नटी ज्युलिएट किंवा ओफेलिया ह्या भूमिका करण्यास सर्वथा योग्य होती, तिचीं उमेदीचीं वर्षें तेवढ्याच मोजक्या शेतकरी नायिका पुन्हां पुन्हां रंगविण्यांत गेलीं. संसारसुखहि त्यांच्या वांट्याला फारसें आलें नाहीं. पहिला विवाह मोडला, आणि त्याचें प्रकरण दीर्घकाळ रेंगाळलें. सादोव्स्की ह्यांच्याबरोबर आयुष्य घालविण्याची आशा त्यांनीं धरली होती, पण तीहि शेवटास गेली नाहीं. प्रकृतीची कुरकुर तर नेहमींचीच. रंगभूमीवर ज्या अभागिनींचें दुःख त्या दाखवीत, त्यांतील कांहीं त्यांच्या परिचयाचें होतें.

तरी त्या मुकाट्यानें सोसणाऱ्यांपैकीं नव्हत्या. १८९७ सालीं मॉस्को येथें सर्व रशियांतील नटनटींची व नाटकव्यावसायिकांची पहिली परिषद भरली. कार्पेन्को-कारी ह्यांनीं युक्रेनियन रंगभूमीवरील जाचक निर्बंधांविषयीं एक टिपण तयार केलें होतें. त्या परिषदेंत झान्कोवेत्स्काबाई उभ्या राहिल्या व त्यांनीं आपल्या रंगभूमीची कैफियत उघडपणें मांडली. विषयांचें बंधन काढावें, इतर नाटकमंडळींना जें स्वातंत्र्य आहे तें आम्हांलाहि असावें, अशी त्यांची मागणी होती. त्या काळांत सरकारी हुकुमाविरुद्ध भर सभेंत एका स्त्रीनें बोलणें ही सामान्य गोष्ट नव्हती. निर्बंध एकदम उठले नाहींत, परंतु पुढील कांहीं वर्षांत ते एकामागून एक सैल होत गेले, आणि १९०५ च्या क्रांतीनंतर त्यांतील बरेच गळून पडले.

त्याच सुमारास, १९०५-०६ सालीं, झान्कोवेत्स्काबाई सादोव्स्कींबरोबर ऑस्ट्रियाच्या अमलाखालील ल्विव शहरीं गेल्या आणि तेथील युक्रेनियन नाटकमंडळींत त्यांनीं काम केलें. राजकीय सीमेच्या दोन बाजूंस विभागलेल्या एकाच समाजाला ह्या भेटीनें एकमेकांची ओळख पटली. परत आल्यावर १९०७ सालीं सादोव्स्की ह्यांनीं कीव येथील त्रोयित्स्की लोकगृहांत युक्रेनियन भाषेचें पहिलें स्थायिक नाट्यगृह सुरू केलें. ज्या शहराचीं दारें दहा वर्षें बंद होतीं, तेथेंच आतां रोज दीप लागूं लागले. पंचवीस वर्षें हिंडणाऱ्या मंडळीला अखेर घर मिळालें. झान्कोवेत्स्काबाई ह्या नाट्यगृहाचें भूषण होत्या. १९०८ सालीं तेथें त्यांच्या रंगभूमीवरील सेवेला पंचवीस वर्षें झाल्याचा उत्सव साजरा झाला. १९०९ सालीं मात्र त्या ह्या नाट्यगृहांतून बाहेर पडल्या, आणि पुन्हां निरनिराळ्या मंडळींबरोबर त्यांचा प्रवास सुरू झाला.

ह्याच वर्षांत एक नवें आश्चर्य लोकांपुढें आलें होतें, तें म्हणजे चित्रपट. १९११ सालीं येकातेरिनोस्लाव येथील साख्नेन्को नांवाच्या छायाचित्रकारानें सादोव्स्की ह्यांच्या मंडळीचीं नाटकें पडद्यावर आणलीं. त्यांतील 'नताल्का पोल्ताव्का' ह्या चित्रपटांत झान्कोवेत्स्काबाईंनीं काम केलें. पुढें १९२३ च्या सुमारास गार्दिन ह्या दिग्दर्शकाच्या 'ओस्ताप बान्दुरा' ह्या चित्रपटांत त्यांनीं नायकाच्या वृद्ध मातेची भूमिका केली. परंतु हे सर्व मूकपट होते. ज्या कंठानें हजारो लोकांना रडविलें, तो कंठ त्या पडद्यावर उमटला नाहीं. बोलपटांचा काळ आला तेव्हां बाई पंचाहत्तरीच्या घरांत पोंचल्या होत्या. ज्यांनीं त्यांना प्रत्यक्ष पाहिलें व ऐकलें, त्यांच्या लेखांवरच पुढील पिढ्यांना समाधान मानावें लागतें.

१९१७ सालीं झारशाही कोसळली. १९१८ सालीं युक्रेनच्या स्वतंत्र राजवटीनें झान्कोवेत्स्काबाईंना तहहयात वेतन मंजूर केलें. राज्यें उलथत होतीं, लढाया चालू होत्या, तरी त्याच वर्षीं ह्या ६४ वर्षांच्या बाईंनीं निझिन येथें स्थानिक नटांना एकत्र करून एक नाटकमंडळी उभी केली. आपल्या गांवच्या तरुणांना त्या स्वतः शिकवीत. १९२२ च्या डिसेंबरांत कीव येथें त्यांच्या रंगसेवेच्या चाळीस वर्षांचा मोठा समारंभ झाला, आणि सोव्हिएट सरकारनें त्यांना लोकनटी ही पदवी अर्पण केली. युक्रेनमध्यें हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच. त्याच सुमारास एका नाट्यगृहास त्यांचें नांव देण्यांत आलें.

त्यांचीं अखेरचीं वर्षें कीव येथें गेलीं. हा काळ युक्रेनला फार कठीण गेला. १९३२-३३ च्या भयंकर दुष्काळांत लाखो शेतकरी, म्हणजे ज्यांच्या व्यथा बाईंनीं रंगभूमीवर आणल्या तेच लोक, अन्नावांचून मेले. आणि तो दुष्काळ निसर्गानें नव्हे, तर सरकारी धान्यवसुलीनें ओढवलेला होता. १९३३ च्या आरंभीं सादोव्स्की वारले. त्याच वर्षाच्या शेवटीं नव्या युक्रेनियन रंगभूमीचे प्रतिभावान दिग्दर्शक लेस कुर्बास ह्यांना अटक झाली. पुढें १९३७ सालीं त्यांना गोळ्या घालण्यांत आल्या. भाषेला व कलेला एकदां मिळालेलें स्वातंत्र्य पुन्हां कसें हिरावलें जातें, हें ह्या वृद्ध बाईंना उतारवयांत पाहावें लागलें. १९३४ च्या ऑक्टोबरच्या ४ तारखेस, वयाच्या ऐंशीव्या वर्षानंतर दोनच महिन्यांनीं, त्यांनीं देह ठेविला. कीवच्या बाय्कोवे स्मशानभूमींत त्यांची समाधि आहे.

आज त्यांचें नांव विसरलें गेलेलें नाहीं. त्यांच्या नांवाची नाटकसंस्था १९४४ पासून ल्विव शहरांत आहे. कीवमध्यें त्यांच्या निवासस्थानाच्या जागीं त्यांच्या स्मृतीचें संग्रहालय आहे, आणि एका रस्त्यासहि त्यांचें नांव आहे. ज्या येलिसावेतग्रादमध्यें त्या प्रथम रंगभूमीवर आल्या, त्या शहराचीं नांवें राज्यकर्त्यांबरोबर अनेकदां बदललीं. शेवटीं २०१६ सालीं त्याला ज्यांचें नांव देण्यांत आलें ते ना कोणी राजे, ना कोणी सेनापति. बाईंना अंगठी देणाऱ्या नटाच्याच नांवानें, क्रोपिव्नित्स्की ह्या नांवानें, तें शहर आतां ओळखलें जातें.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रावरून प्रत्येकानें नाटकांत जावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु दोन गोष्टी मनांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, कोणतीहि भाषा खेडवळ म्हणून जन्मास येत नाहीं. ती बोलणारे तिच्यांत उत्तम काम करून दाखवितात तेव्हां तिला प्रतिष्ठा येते, आणि ते तिची लाज बाळगूं लागले कीं ती प्रतिष्ठा जाते. दुसरी ही कीं, गुणी माणसाला मोठ्या घरचें बोलावणें कधींतरी येतेंच. तें स्वीकारणें पाप नव्हे; जगांत पुष्कळ सज्जनांनीं तें स्वीकारलें आहे. पण झान्कोवेत्स्काबाईंनीं आपणांवांचून कोणाचें अधिक अडेल, ह्याचा विचार आधीं केला. सेंट पीटर्सबर्गला नट्या पुष्कळ होत्या. खारितिना मोलकरणीच्या वतीनें तिच्याच भाषेंत बोलणारें मात्र फारसें कोणी नव्हतें. आमच्या पालकवर्गासहि एक नम्र विनंति आहे. आपल्या मुलामुलींच्या अंगीं एकादा वेगळा गुण दिसल्यास, समाज काय म्हणेल ह्या भीतीनें तो एकदम दडपून टाकूं नये. झान्की गांवच्या त्या मुलीला घरचा आधार मिळाला असता, तर तिच्या वाटेवरील कांटे कांहीं कमी झाले असते, असें आम्हांस राहून राहून वाटतें.